ब्रदरांकडे लायसन्स आहे का?

भुसावळच्या ताई,

तुमच्या पत्राची तीन पानं सासूबाईंवरच खर्ची पडली आहेत. चर्च सोडून तुम्ही दर रविवारी घरी फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेची बैठक, भरवता आणि त्या म्हणतात, ‘पडवीत सतरंजी टाकली की झालं का चर्च?’ त्यांना कसं समजवू, हा तुमचा प्रश्न. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय वाचून दाखवा. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौलानं तिथं सलाम सांगितलाय. तरी नाही पटलं तर सोडून द्या. जन्मभर जिथं गुडघे टेकले तिथंच जाऊ द्या त्यांना.

मी अडले ते शेवटच्या ओळीवर: ‘27 डिसेंबरला मुलीचं लग्न आहे, आमचे ब्रदरच घरी लावतील.’

फेलोशिप चालवणारे ब्रदर लग्न लावणार, ते कोणत्या अधिकारानं? 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानं लग्न लावायला रीतसर दीक्षित पाळक, सरकारी लायसन्स असलेला सेवक किंवा विवाह निबंधक लागतो. असा अधिकार नसताना, निबंधकाच्या गैरहजेरीत लग्न लावणाऱ्याला कलम 68 खाली 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भल्या माणसाला कशात गुंतवताय? आणि जावई रेल्वेत. पासावर, मेडिकल कार्डावर बायकोचं नाव चढवताना दाखला मागतील, तेव्हा काय फेलोशिपच्या लेटरहेडवरचं पत्र देणार?

मुलीचं लग्न 1954च्या विशेष विवाह कायद्यानं करा. नोटीस जळगावला विवाह अधिकाऱ्याकडे. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात सलग 30 दिवस वास्तव्य हवं, ते मुलीचं आहेच. मुलगा नवापूरचा, म्हणून नोटिशीची प्रत नंदुरबारलाही लागेल. भावकीत बोभाटा होईल, होऊ द्या. हरकतीसाठी 30 दिवस थांबावं लागतं आणि नोटीस तीनच महिने चालते. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. सप्टेंबरच्या मध्यात घाई केलीत तर लग्नाआधीच मुदत संपेल. त्याआधी दोघांचे शाळेचे दाखले आणि आधार शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघा. एकीकडे बाप्तिस्म्याचं नाव आणि दुसरीकडे घरचं, इथंच कागद अडकतात. सहीला तीन साक्षीदार लागतात. वारसाहक्काची काळजी नको, भारतीय उत्तराधिकार कायदा तुम्हाला आजही लागू आहेच.

सकाळी सह्या, दुपारी घरच्या मांडवात वचन, प्रार्थना, अंगठ्या. ते सगळं ब्रदरांनी करावं, खुशाल. फक्त विवाहाच्या दाखल्यावर सही करायची नाही, हे त्यांना पत्रिका छापायच्या आधी सांगा.