कँटीनमध्ये पाटी लावण्याआधी

अरे, ‘तेलकट टाळा’ची पाटी लावणार असशील तर राहू दे. लोअर परळच्या ऑफिसात मी लावली होती. लोक तिच्याखालीच उभे राहून वडापाव खायचे!

रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माणूस प्रत्यक्षात निवड कशी करतो या विषयातल्या कामासाठी. माणूस दर वेळी हिशोब मांडत बसत नाही, हातासरशी मिळेल ते उचलतो. म्हणून आधी मांडणी बदल. रांगेच्या सुरुवातीला, ताटं रिकामी असतानाच, कोशिंबीर आणि उसळ ठेव. भजी शेवटी. चहा बिनसाखरेचा उकळायचा, साखरेची वाटी बाजूला. आमचा चहावाला आठवडाभर कुरकुरला, पण साखर वाचतेय म्हटल्यावर गप्प झाला. ताटल्याही थोड्या लहान घे, म्हणतात त्याने फरक पडतो. मला फारसा जाणवला नाही.

एक मात्र सांभाळ. वडा बंद करायचा नाही, महागही करायचा नाही. ज्याला हवा त्याला तो सहज मिळायलाच हवा, नाहीतर ती नुसती जबरदस्ती. आणि काय, का बदललंस ते कुणी विचारलं तर सरळ सांग. आधी दोन आठवडे रोज किती वडे जातात ते वहीत लिही, मगच टेबलं हलव.