सहावी ते आठवीला भूमिती शिकवणाऱ्या शिक्षकांचं विषयज्ञान कसं तपासावं?

त्यांना पुस्तकातली गणितं सोडवायला देण्यापेक्षा मुलांची चुकीची उत्तरं दाखवा आणि मूल असं का म्हणालं असेल, ते विचारा. सूत्रं बहुतेकांना पाठ असतात, त्यामुळे नुसत्या उदाहरणांवरून फारसं कळत नाही. शिकवण्यासाठी लागणारं विषयज्ञान वेगळं असतं, हा मुद्दा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडला होता आणि तो मला आजही पूर्ण पटतो. दोन प्रश्न हमखास ठेवा:

- पट्टीवर २ पासून ७ सेंमीपर्यंत पेन्सिल ठेवली आहे. एक मूल ७ म्हणतं, दुसरं ६. पहिल्याने शेवटचा आकडा वाचला, दुसऱ्याने लांबीऐवजी रेघा मोजल्या. शिक्षकाला हा फरक दिसतो का?
- 'परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं,' असं मूल म्हणतं. इथे शिक्षकाला प्रतिउदाहरण सुचायला हवं: ४×४ चा चौरस आणि ८×१ चा आयत. परिमिती १६ वरून १८ होते, क्षेत्रफळ मात्र १६ वरून ८ वर येतं.

मात्र लेखी चाचणीवरून प्रत्यक्ष वर्गातलं शिकवणं कळत नाही. प्रशिक्षणात कशावर भर द्यायचा हे ठरवायला ती वापरा, बढती किंवा कारवाईसाठी नको.