जुनी गाडी ताशी ७० किमीच्या पुढे समोरून भरकटते, आधी काय तपासावं?

दादा, जालना-बीड रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे जाते अन् दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही फरक नाही म्हणता. तिसऱ्यांदा पैसे घालू नका; पुढच्या चाकांचे सांधे ढिले असले की अलाइनमेंट टिकतच नाही. टायर थंड असताना हवा बघा. मग पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावूनच. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट आली तर बॉल जॉइंट (चाक खालच्या दांड्याला जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग ढिलं. दोन्ही बाजूंनी धरून हललं तर बहुतेक टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा. मला जास्त संशय लोअर आर्मच्या बुशचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या रबरी तुकड्याचा. आपल्या काळ्या मातीत रस्ते खचतात, हादरे खाऊन रबराला भेगा पडतात. टॉर्च मारून नीट बघा. बॉल जॉइंट ढिला निघाला तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करूनच न्या.