डेमलो म्हणजे डोंबिवली

प्रश्न असा आला आहे: ‘डेमलो संख्या’ यातला डेमलो हा कुठला परदेशी गणिती? लिहायचं डेमलो की डेम्लो? आणि त्याऐवजी ‘विलोम संख्या’ म्हटलं तर चालेल का?

डेमलो हा माणूस नाही, रेल्वे स्टेशन आहे. मुंबईपासून तीसेक मैलांवरचं, तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं, म्हणजे आजची डोंबिवली. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांना या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं. मला हे नाव फार आवडतं. संख्या कुठे भेटली, याची त्यात नोंद आहे.

लिहावं डेमलो. आपण कापरेकर लिहितो, काप्रेकर नाही, तसंच हे.

‘विलोम’ मात्र नको; विलोम म्हणजे उलटसुलट सारखीच वाचली जाणारी संख्या. 2553 बघा: टोकाचे 2 आणि 3 मिळून 5, आणि मध्ये तोच 5 पुन्हापुन्हा. ही डेमलो संख्याच, पण उलटी वाचली की 3552 होते. उलटसुलट सारख्या दिसतात त्या ‘अद्भुत डेमलो’: 1, 121, 12321 अशा. त्यातली नववी 12345678987654321, म्हणजे 111111111 चा वर्ग.

असं का होतं, हे चौकटीच्या वहीत 1111 ला 1111 ने गुणून बघा. चार ओळींत नुसते एकच एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा घेतल्या की 1, 2, 3, 4, 3, 2, 1. हातचा कुठेच नाही! एक हा अंक दहा वेळा घेतला की मधल्या उभ्या रांगेत 10 येतात, हातचा घ्यावा लागतो आणि 1234567900987654321 असं उत्तर येतं. शिडी तिथे मोडते.

12345678987654321 ही सतरा अंकी संख्या मराठीत वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. मला मात्र भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातली स्थाननामं जास्त गोड वाटतात, कारण तिथे प्रत्येक घराला स्वतःचं नाव आहे: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, मग उतरण, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, आणि खाली एकंपर्यंत.

‘हर्षद’ हा शब्दही कापरेकरांचाच, हर्ष देणारी या अर्थाचा. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज 81. भागून बघा: भागाकार बरोबर 12345679 चा वर्ग येतो, म्हणजे हीसुद्धा हर्षदच.