हांसदा सौवेंद्र शेखर यांच्या कथासंग्रहावर अजून बंदी आहे का?

नाही, 'द आदिवासी विल नॉट डान्स' आता खुशाल मागवा. झारखंड सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये संथाळ स्त्रियांच्या चित्रणावरून त्यावर बंदी घातली, सरकारी डॉक्टर असलेल्या हांसदांना निलंबितही केलं. डिसेंबरात बंदी उठली, पुढे निलंबनही मागे घेतलं गेलं. २०१५ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार त्यांना आधीच मिळालेला होता, पण तो कादंबरीसाठी. तुम्ही शीर्षककथेपासूनच सुरुवात करा: राष्ट्रपतींसमोर कार्यक्रमासाठी आपलं नाच-गाण्याचं पथक घेऊन आलेला म्हातारा मंगल मुर्मू वीजप्रकल्पापायी उठवलेल्या गावांबद्दल थेट मंचावरून बोलतो आणि नाचायला साफ नकार देतो. अंगावर येते ती कथा. मात्र एक लक्षात ठेवा, हांसदा इंग्रजीत लिहितात. ओल चिकी लिपीतल्या संथाळी साहित्याचा अंदाज एवढ्यावरून बांधू नका.