कोकणात इतका पाऊस पडूनही ग्रँड कॅन्यनसारखी दरी का नाही? आणि त्या दरीत शास्त्रज्ञ अजून काय शोधतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ॲरिझोनाच्या कितीतरी पट पाऊस पडूनही कोकणातल्या नद्यांनी तशी दरी का कोरली नाही, ही एक. आणि एकाच दरीवर लोक वर्षानुवर्षं कसलं संशोधन करत बसतात, ही दुसरी. मी चिपळूणची. भूशास्त्र शिकले आणि नदीतल्या गाळावर काम करताना काही काळ ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला होते. मला दुसऱ्याबद्दल जास्त सांगायचं आहे, पण आधी पहिलं.

दरी खोल करते ती नदी आणि दरी रुंद करतो तो तिच्या काठांवर पडणारा पाऊस. या दोन कामांची गल्लत झाली की तुम्हाला पडलेला प्रश्न पडतो. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत जुलैच्या एका जोरदार आठवड्यात तेवढा पडून जातो. पण ही दरी कोरणारी कोलोरॅडो नदी त्या पावसावर जगतच नाही. तिचं पाणी शेकडो किलोमीटर दूरच्या रॉकी पर्वतातल्या बर्फाचं. म्हणजे तळ कापायला बाहेरून आलेली दांडगी नदी आणि भिंती झिजवायला मात्र तुटपुंजा पाऊस. तळ भराभर खाली जातो, भिंती बऱ्याचशा उभ्या राहतात. ओल्या हवेत चुनखडक विरघळत जातो. तिथल्या कोरड्या हवेत त्याचेच शेकडो फुटी कडे आहेत.

आपल्याकडे हे सगळं उलट. चिपळूणचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट. खडक कणखर आहे, पण उष्णता आणि चार महिने मुरणारं पाणी त्याला आतून कुजवतं. सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं आणि त्याचा जांभा होतो किंवा लाल माती. अशा उतारावर उभी भिंत टिकत नाही, ती घसरत राहते. २०२१च्या जुलैत महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला तेव्हा हे किती क्रूरपणे होऊ शकतं ते आपण पाहिलं आहे.

दुसरं कारण उंचीचं. विळीची पात जागेवर असते, भाजी आपण तिच्यावर सरकवतो. कोलोरॅडोच्या बाबतीत जमीनच तशी वर सरकली. कोलोरॅडोचं पठार सात-आठ कोटी वर्षांच्या काळात उचललं गेलं. आज दरीचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे आणि तळाची नदी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर वाहते. एवढं कापूनही तिला अजून उतरायला जागा आहे. वाशिष्ठीला कुठे जागा आहे? घाटावरून निघालेलं पाणी थोड्याच अंतरात चिपळूणला येतं आणि गोवळकोटला भरतीचं पाणी त्याला भेटतं. समुद्राच्या पातळीखाली नदी फार कापू शकत नाही.

तरी ‘कोकणात दरी नाही’ हे मी पूर्ण मान्य करणार नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. तेव्हा आपल्या नद्यांनी आपली मुखं खोल कापली होती. मग समुद्र चढला आणि त्या दऱ्या बुडाल्या. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या म्हणजे त्याच बुडालेल्या दऱ्या. जयगडच्या सड्यावर उभं राहून खाली खाडीकडे बघताना मला तळाचं गाळाखाली गेलेलं पात्र दिसू लागतं. सवय लागली की तुम्हालाही दिसेल.

वयाबद्दल थोडक्यात, कारण यात फार गोंधळ होतो. तिथले तळाचे खडक सुमारे १७० कोटी वर्षांचे, काठावरचा सगळ्यात वरचा चुनखडक २७ कोटी वर्षांचा, आणि दरी मात्र मुख्यत्वे गेल्या ५०-६० लाख वर्षांतली. तिचे काही तुकडे याहून बरेच जुने असावेत असं काही संशोधक मानतात आणि तो वाद चालू आहे. एका ठिकाणी तळाच्या खडकावर थेट सुमारे ५० कोटी वर्षांचा वालुकाश्म बसला आहे, मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांचं काहीही शिल्लक नाही. त्या रेषेवर हात ठेवला की हाताच्या वर एक काळ आणि खाली दुसरा. आपल्या चिपळूणचा ‘प्राचीन’ कातळ तिथल्या सगळ्यात तरुण थराहूनही २० कोटी वर्षांनी लहान आहे. (सिंधुदुर्गात लाव्हापेक्षा फार जुने खडक उघडे पडलेत, तो वेगळा विषय.)

आता संशोधनाचं.

एक हात युद्धात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल १८६९ साली लाकडी होड्या घेऊन या नदीतून गेला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला त्याच्यापेक्षा १९३८ सालच्या एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोन वनस्पतीशास्त्रज्ञांचं मोल जास्त वाटतं. बोटीने ग्रँड कॅन्यन सुखरूप पार करणाऱ्या पहिल्या महिला म्हणून त्यांची नोंद आहे, पण त्यांचं खरं काम वेगळं: काठावर कुठे कोणती झाडं आहेत याची त्यांनी यादी केली. पंचवीस वर्षांनी, १९६३ मध्ये, दरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि नदी बदलली. धरणाआधी काठ कसा होता हे सांगणारी ती यादी त्यानंतर अमूल्य ठरली. या दरीतलं आजचं बरंचसं संशोधन खडकांपेक्षा या बदललेल्या नदीबद्दल आहे.

काय बदललं? पूर्वीची नदी गढूळ, तांबूस, वसंतात पुराने फुगणारी, उन्हाळ्यात कोमट. धरणानंतर स्वच्छ, हिरवट आणि जलाशयाच्या खोलातून येत असल्याने बाराही महिने थंडगार. दरीच्या वरच्या टोकाशी येणारी सुमारे ९५ टक्के वाळू धरणामागे अडकली. तुम्ही म्हणाल, वाळू नाही तर बिघडलं काय? बिघडलं ते हे: काठावरचे वाळूचे पट्टे हीच तिथली राहण्याजोगी जागा. झाडं तिथे, माशांच्या पिल्लांना आसरा देणारी शांत पाण्याची डबकी तिथे, बोटीतून जाणाऱ्यांचा मुक्काम तिथे. शिवाय ती वाळू वाऱ्याने उडून वरच्या पुरातत्त्वीय जागा झाकते आणि जपते. पट्टे झिजू लागले की हे सगळंच उघडं पडतं.

१९९२ साली अमेरिकी संसदेने या दरीच्या संरक्षणासाठी कायदा केला आणि १९९६च्या वसंतात एक धाडसी प्रयोग झाला: धरणातून सात दिवस सेकंदाला जवळपास १२७० घनमीटर पाणी सोडून मुद्दाम पूर आणला. कल्पना अशी की तळाशी साचलेली वाळू उचलून काठावर टाकली जाईल. पट्टे वाढले खरे, पण मोजमाप केल्यावर लक्षात आलं की बरीचशी वाळू तळातून आलीच नव्हती. जुन्या पट्ट्यांचाच खालचा भाग खरवडून वर चढला होता. म्हणजे घरातलीच शिल्लक खर्च होत होती. मग धोरण बदललं. धरणाच्या खाली पॅरिया नावाची छोटी नदी येऊन मिळते. जुलै ते सप्टेंबरात तिथेही मान्सून असतो, वळवासारखा कोसळणारा, आणि तेव्हा पॅरिया वाळू आणून ओतते. २०१२ पासून नियम असा की आधी पॅरियाची वाळू आली का ते बघायचं, पुरेशी असेल तरच धरणातून पूर सोडायचा. त्यासाठी नदीत ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रं आहेत, जी दर १५ मिनिटांनी पाण्यातल्या वाळूचा अंदाज घेतात. वाळूची आवक किती, जावक किती, असा हा जमाखर्च आहे. मी हे काम जवळून पाहिलं आणि त्या चिकाटीने भारावून गेले.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र किड्यांचा आहे. धरणावर वीज तयार होते आणि विजेची मागणी दिवसा वाढते, रात्री उतरते. म्हणून वाळवंटातल्या या नदीला रोज भरती-ओहोटी येते. पाण्यातले अनेक किडे संध्याकाळी काठाशी, पाण्याच्या रेषेवर अंडी घालतात. नंतर पाणी उतरलं की अंडी कोरडी पडून मरतात. हे समजलं कसं? २०१२ पासून बोटींचे वाटाडे आणि प्रवासी रोज मुक्कामाच्या ठिकाणी अंधार पडला की तासभर एक छोटा दिवा लावतात, खाली अल्कोहोलचं भांडं ठेवतात आणि त्यात पडलेले किडे बाटलीत भरून प्रयोगशाळेला देतात. कुठल्याही संशोधकाला एकट्याने जमणार नाही एवढे नमुने सामान्य माणसांनी गोळा केले. त्यातून दिसलं की संध्याकाळच्या वेळी जिथे पाणी उतरलेलं असतं, तिथे किडे जास्त. मग २०१८च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी, जेव्हा विजेची मागणी तशीही कमी असते, पाणी कमी आणि स्थिर ठेवून पाहिलं. अंड्यांना दोन दिवस ओले मिळाले.

माशांचंही असंच. पाठीला कुबड असलेला हंपबॅक चब हा तिथला मूळचा मासा थंड पाण्यात नीट वाढत नाही, म्हणून तो मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या संगमाजवळ टिकला. त्याला वाचवायला संगमापाशी बाहेरून आणलेले ट्राउट मासे मारायला सुरुवात झाली, तेव्हा झुनी आदिवासींनी हरकत घेतली: ही आमची पवित्र जागा आहे, इथे अशी कत्तल नको. ती हरकत ऐकून घेतली गेली आणि मासे जिवंत काढून नेण्याचा पर्याय आराखड्यात आला. २०२१ मध्ये चबचा दर्जा ‘नष्टप्राय’वरून एक पायरी सुधारला.

हे सगळं मी इतकं लांबवून सांगते आहे त्याचं कारण आपली वाशिष्ठी. कोयनेचं पाणी मूळचं पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं. ते सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीहून पुन्हा वीज करून पुढे येतं आणि अवजल म्हणून वाशिष्ठीत पडतं. बाकीच्या कोकणी नद्या मार्चनंतर डोहांपुरत्या उरतात, वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते. म्हणजे कोलोरॅडोसारखीच ही दुसरीकडच्या पाण्यावर वाहणारी आणि विजेच्या वेळापत्रकाने चढणारी-उतरणारी नदी आहे. फरक गाळाचा. त्यांना वाळू पुरत नाही. आपल्याकडे उतारांवरून, खणलेल्या डोंगरांतून, ओढ्या-पऱ्यांतून इतका गाळ येतो की पात्र उथळ होतं. त्यात खालून भरती येते आणि पाण्याला पुढे जाऊ देत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्यानंतर पात्रातला गाळ काढण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण किती ब्रास काढला हा आकडा अर्धाच हिशेब आहे. दर पावसाळ्यात किती येतो, कुठल्या ओढ्याने येतो, किती दाभोळच्या समुद्रात जातो आणि किती मध्येच बसतो, हे सतत मोजल्याशिवाय पुढच्या वर्षी कुठे खणायचं हे ठरवता येत नाही. १९९६च्या त्या पुराने तिथल्या लोकांना हेच शिकवलं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर आपल्याजवळची चांगली जागा म्हणजे आंध्रातलं गंडिकोट. तिथे पेन्ना नदीने रायलसीमेच्या कोरड्या भागात कापलेली घळ आहे, आणि कोरड्या भिंती का टिकतात ते एका नजरेत कळतं. भंडारदऱ्याजवळची सांदण दरीही बघा, पण पावसाळ्यात चुकूनही आत उतरू नका.

आणि एक विनंती. १८८९-९० मध्ये रेल्वेच्या पाहणीसाठी रॉबर्ट स्टँटनने कोलोरॅडोच्या काठाचे शेकडो फोटो काढले होते. शंभर वर्षांनी संशोधकांनी त्याच जागांवर उभं राहून पुन्हा फोटो घेतले. कुठल्या घळीतून दगडधोंड्यांचा लोंढा येऊन नदीचा खळाळ बदलला, कुठलं झुडूप शंभर वर्षांनंतरही तेच आहे, हे त्यातून समजलं. तुमच्याकडे किंवा ओळखीच्या घरांत वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री, शास्त्री यांच्या काठाचे जुने फोटो असतील, लग्नाचे किंवा गणपती विसर्जनाचे असले तरी चालतील, मागे नदी दिसली म्हणजे झालं. ते स्कॅन करून ठेवा, जागा आणि साल लिहा, आणि शक्य असेल तर त्याच जागेवरून मे महिन्यात, ओहोटीच्या वेळी, एक नवा फोटो काढा. इथे प्रतिसादात टाकलेत तर जागा ओळखायला मी मदत करेन.