शेजारच्या ट्रान्समीटरमुळे रिपीटर बहिरा होतो, फिल्टर कोणता लावू?

तुमचं म्हणणं असं की इंदुरात उंच इमारतीच्या गच्चीवर हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडचा रिपीटर (लांबचा सिग्नल ऐकून तो पुन्हा प्रसारित करणारा संच) आहे, इनपुट 145.100, आउटपुट 145.700 मेगाहर्ट्झ. त्याच गच्चीवरचा 155 मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर सुरू झाला की लांबचे हँडीवाले (हातातल्या छोट्या वायरलेस सेटवाले) ऐकू येत नाहीत. समोर एफएमचा टॉवरही आहे.

फिल्टर लगेच विकत घेऊ नका, आधी त्रास कुठे तयार होतो ते बघा. रिपीटरचं ट्रान्समिशन बंद ठेवा, रिसीव्हरच्या स्पीकरवर ऐका. कोणाला तरी लांबून हँडीवर जेमतेम ऐकू येईल इतका सिग्नल द्यायला सांगा. 155 चालू असताना डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर ऐकणं आणि प्रसारण वेगळं ठेवणारा फिल्टर) रिसीव्ह पोर्टनंतर, प्रीअँपच्या (आलेला सिग्नल वाढवणारा भाग) आधी, 6 डीबीचा अटेन्यूएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा. हँडी जास्त स्पष्ट झाली, तर तुमचा रिसीव्हर ओव्हरलोड होतोय. रिसीव्हरच्या आतच तिसऱ्या दर्जाचं इंटरमॉड (जोरदार सिग्नल मिसळून बनणारा खोटा सिग्नल) होत असेल तर ते 18 डीबीने पडतं, म्हणजे बहुधा नाहीसंच होतं. पण हँडी आणि खरखर दोन्ही सारखीच खाली गेली, तर ती खरखर 145.100 वरच हवेतून येतेय. मग तुमच्याकडे कितीही फिल्टर लावा, उपयोग शून्य.

ओव्हरलोड निघाला तर प्रीअँपच्या आधी 145.100 ला ट्यून केलेली एक बँडपास कॅव्हिटी (ठरावीक फ्रिक्वेन्सीच आत सोडणारा धातूचा फिल्टर) लावा. अर्धा ते एक डीबी लॉस सोसा. डुप्लेक्सर आहे ना, असं वाटेल, पण नॉच प्रकारचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीच अडवणारा) डुप्लेक्सर फक्त तुमचा स्वतःचा 145.700 अडवतो. 155 त्यातून सरळ आत येतो.

समोरच्या एफएम टॉवरचा सिग्नल अडवायला स्टब (ठरावीक लांबीचा केबलचा तुकडा) घरी होतो. समजा सगळ्यात जोरदार स्टेशन 98 मेगाहर्ट्झच्या जवळ आहे. आरजी-58 केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग प्रकाशाच्या तुलनेत) 0.66, म्हणून पाव तरंगलांबी 50.5 सेंमी. टी कनेक्टरच्या मध्यापासून मोजून 52 सेंमी कापा, टोक उघडं ठेवा आणि नॅनोव्हीएनएवर (फिल्टर तपासायचं छोटं यंत्र) बघत दोन-दोन मिलिमीटर छाटा; एका मिलिमीटरला नॉच साधारण 0.2 मेगाहर्ट्झ वर सरकतो. इथेच बहुतेकजण फसतात: हाच स्टब 145 वर सुमारे 47 ओहमचा इंडक्टर होऊन बसतो आणि तुमचाच सिग्नल खातो. त्याला समांतर 5 ते 30 पिकोफॅरडचा ट्रिमर लावा, 23 च्या आसपास तो रद्द होतो. टी आणि बीएनसी महाराणी रोडवर विचारा. हे सगळं पत्र्याच्या डबीत बसवा आणि रिसीव्हच्या बाजूलाच ठेवा.

खरखर हवेतून येत असेल तर इलाज 155 वाल्यांच्या आउटपुटवर, त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच तंत्रज्ञाकडून: आधी आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), मग बँडपास कॅव्हिटी, मग अँटेना. क्रम उलटू नका. आयसोलेटरचा फेराइट स्वतः दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) तयार करतो, तो कॅव्हिटीने अडायला हवा.

आणि पैसे खर्च करण्याआधी अँटेना हलवता येते का बघा. एकाखाली एक, 6 मीटर उभ्या अंतरात दोन अँटेनांमध्ये साधारण 47 डीबीचा अलगपणा मिळतो. शेजारी-शेजारी तेवढ्याच अंतरात 31, त्यातूनही दोन्ही अँटेनांचा गेन वजा. मला तरी हा सगळ्यात स्वस्त फिल्टर वाटतो.

टोन (ठरावीक सूर असलेलाच सिग्नल ऐकवणारी सोय) लावून स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं दार, बंद राहील, पण रिसीव्हर बहिराच राहील. त्याला दुरुस्ती समजू नका. तिथे असताना मास्टचे गंजलेले क्लँप आणि नटबोल्टही बदला. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि दोन कॅरिअर मिसळून तिसरा तयार करतो.